एसव्ही आणि व्हीएचडीएल एकाच प्रकल्पात: शब्द कोणत्या मानकाचे घ्यायचे?

लॅच_नको (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एक कागद माझ्या गळ्यात पडलाय, मदत हवी आहे.

आमच्या प्रकल्पात निम्मं आरटीएल (हार्डवेअरचं वर्णन करणारा कोड) सिस्टमव्हेरिलॉगमध्ये, म्हणजे एसव्हीत आहे, ते आम्ही पुण्यात लिहितो. उरलेलं व्हीएचडीएल या दुसऱ्या हार्डवेअर-भाषेत, ते परदेशातल्या ऑफिसातून येतं. टेस्टबेंच (डिझाइन तपासणारा कोड) सगळा एसव्हीचा. मागच्या रिव्ह्यूत स्पेकमधल्या एका वाक्यावर गाडी अडली. वाक्य एवढंच, की प्रत्येक क्लॉक इव्हेंटला स्टेटस रजिस्टर अपडेट होतं. आमच्यातल्या एकाने रजिस्टर म्हणजे कोडमधला रेग (व्हेरिलॉगचा एक कीवर्ड) धरला. पलीकडच्या बाईंनी सॉफ्टवेअरला दिसणारं, पत्ता असलेलं रजिस्टर धरलं. आणि इव्हेंट म्हणजे फक्त पॉझएज (क्लॉकची चढती कडा) की दोन्ही एज, यावर जो वाद जुंपला तो मीटिंगची खोली दुसऱ्यांना हवी होती म्हणून थांबला. मॅनेजरसाहेबांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं: शब्दसूची करा, यापुढे सगळे स्पेक आणि कोडमधल्या कॉमेंट तिच्याप्रमाणे.

मी एक्सेलमध्ये तीन रकाने केले. आपण काय म्हणतो, आयट्रिपलई १८०० (एसव्हीचं मानक) काय म्हणतं आणि आयट्रिपलई १०७६ (व्हीएचडीएलचं) काय म्हणतं. पहिल्या ओळी झरझर भरल्या: पॅरामीटर आणि जेनेरिक, मॉड्यूल आणि एंटिटी, कंटिन्युअस असाइनमेंट आणि कन्करंट सिग्नल असाइनमेंट. मग खड्डे लागले.

एसव्हीतल्या पुन्हापुन्हा चालत राहणाऱ्या कोडच्या तुकड्याला आपण सगळे "ऑलवेज ब्लॉक" म्हणतो. १८०० मध्ये तो "ऑलवेज प्रोसीजर" आहे आणि जुन्या १३६४ (आधीच्या व्हेरिलॉगचं मानक) मध्ये "ऑलवेज कन्स्ट्रक्ट". प्रोसीजर लिहावं तर व्हीएचडीएलवाल्यांकडे प्रोसीजर हा सबप्रोग्राम, म्हणजे आपल्या टास्कच्या जागी बसणारा. मग लिहू काय? एसव्हीचा लॉजिक हा कीवर्ड म्हणजे व्हेरिएबल आहे की टाइप? आमच्या ट्रेनिंगच्या स्लाइडवर एक आहे, एलआरएममध्ये (म्हणजे मानकाच्या मूळ मजकुरात) दुसरंच. इन्स्टन्स आणि इन्स्टॅन्शिएशन हे एकच का? आणि मुळात आवृत्ती कोणती प्रमाण मानायची? आमची टूल्स २०१७ ची आवृत्ती मानतात, १८०० ची नवी आवृत्ती २०२३ ची आहे आणि व्हीएचडीएलकडचे लोक २००८ च्या पुढे सरकलेले नाहीत.

कुणी असं काम केलं असेल तर सांगा. एकाच मानकाचे शब्द सगळीकडे लादावेत, असं माझं मत होत चाललंय.

टेपआउट_आणि_चहा

शब्दसूची जन्मते ऑडिटसाठी आणि मरते शेअर्ड ड्राइव्हवर. आमच्या आधीच्या टीममध्ये होती एक, चांगली रंगीत रकान्यांची. नवीन पोरं पहिल्या आठवड्यात उघडायची, तेही जॉइनिंगच्या चेकलिस्टमध्ये होतं म्हणून. लोक ऐकतात ते लिंटचं (कोडमधल्या चुका हुडकणारं टूल), कारण लिंट बिल्ड पाडतं. मोजके नियम पक्के करा आणि सोडून द्या. ऑलवेज ब्लॉकला ऑलवेज ब्लॉकच म्हणा, मानक लिहिणारे आपल्या रिव्ह्यूला बसत नाहीत.

जुनी_सिम्युलेटरवाली

टेपआउट, लिंट स्पेक वाचत नाही आणि यांचं भांडण झालंय ते स्पेकमधल्या वाक्यावरून. तेव्हा कागद लागणारच. तो छोटा असावा, एवढं तुमचं मान्य.

लॅच_नको, एकाच मानकाचे शब्द सगळीकडे लादायचे, हे मात्र करू नका. तुमच्या एक्सेलला चौथा रकाना हवा आणि तो सगळ्यांत आधी हवा: हा शब्द नेमका कशाचं नाव आहे? कोडमधल्या घोषणेचं, सिम्युलेटर चालताना घडणाऱ्या गोष्टीचं, की सिलिकॉनवरच्या वस्तूचं? बहुतेक भांडणं १८०० विरुद्ध १०७६ अशी नसतातच. एकच शब्द एकाने कोडसाठी वापरलेला असतो आणि दुसऱ्याने सिलिकॉनसाठी.

रेगचंच घ्या. मी व्हेरिलॉग शिकले तेव्हा १९९५ चं मानक, म्हणजे १३६४ ची पहिली आवृत्ती, हाताशी होतं. त्यात डेटा टाइपांचे दोन मोठे गट: नेट (तारेसारखी जोडणी) आणि रजिस्टर. रेग, इंटिजर, टाइम, रिअल हे सगळे "रजिस्टर". सिम्युलेटर लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात वावगं काहीच नाही. पुढची असाइनमेंट येईपर्यंत जे व्हॅल्यू धरून ठेवतं ते रजिस्टर. गेटवे डिझाइन ऑटोमेशनमध्ये १९८० च्या दशकात व्हेरिलॉग जन्मलं तेच सिम्युलेशनसाठी. त्यातून गेट काढण्याचा, म्हणजे सिंथेसिसचा, धंदा नंतर फोफावला. तो फोफावल्यावर पंचाईत झाली. कॉम्बिनेशनल (काहीच साठवून न ठेवणाऱ्या) ऑलवेजमध्ये ज्याला लिहायचं तोही रेगच असावा लागतो आणि त्यातून फ्लॉप (क्लॉकच्या एजला व्हॅल्यू साठवणारं सर्किट) निघत नाही, निघतात नुसती गेट्स. २००१ च्या आवृत्तीत समितीने मजकुरातला "रजिस्टर" हा गट काढून त्याला "व्हेरिएबल" केलं. कीवर्डला हात लावणं शक्य नव्हतं, जगभरचा कोड मोडला असता. पुढे सिस्टमव्हेरिलॉगने लॉजिक आणलं आणि मानकातच सरळ सांगून टाकलं की रेग या शब्दामुळे हार्डवेअरमधल्या रजिस्टरचा समज होऊ शकतो, लॉजिक हा त्याहून नेमका शब्द आहे आणि दोन्ही एकच टाइप आहेत.

म्हणजे समितीनेही शब्द बदलला तो कोडचा शब्द सिलिकॉनच्या अंगावर येत होता म्हणून. तुमच्या सूचीत कोडमध्ये जाहीर होतं ते व्हेरिएबल किंवा नेट. सिलिकॉनवर असतो तो फ्लॉप किंवा लॅच (क्लॉकच्या एजशिवाय व्हॅल्यू धरून ठेवणारं सर्किट). सॉफ्टवेअर वाचतं-लिहितं ते सीएसआर (कंट्रोल अँड स्टेटस रजिस्टर). "रजिस्टर" एकटा कुठेच लिहायचा नाही. तुमचं ते भांडणाचं वाक्य मग असं होईल: "क्लॉकच्या प्रत्येक रायझिंग एजला स्टेटस सीएसआरचे फ्लॉप नवीन व्हॅल्यू घेतात." रायझिंग एज म्हणजे काय याची ओळ वेगळी द्यावी लागेल, त्यावर व्हीएचडीएलवाले कुणी बोलतील तर बरं.

आता लॉजिक. ट्रेनिंगच्या स्लाइडा बहुतेक ठिकाणी "लॉजिक म्हणजे नवीन प्रकारचं व्हेरिएबल" असं सांगतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. १८०० मध्ये वस्तू आणि तिचा टाइप या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वस्तू नेट असते किंवा व्हेरिएबल. लॉजिक हा टाइप आहे, चार व्हॅल्यूंचा (०, १, एक्स म्हणजे माहीत नाही, झेड म्हणजे न जोडलेला), आणि तो दोघांनाही चालतो. पोर्टच्या यादीत जाऊन बघा (कीवर्ड देवनागरीत लिहितेय, समजून घ्या). "इनपुट लॉजिक ए" लिहिलं तर ए नेट होतो. "आउटपुट लॉजिक क्यू" लिहिलं तर क्यू व्हेरिएबल होतो. त्याच ओळीतून लॉजिक गाळून नुसतं "आउटपुट" आणि रुंदी ठेवली तर क्यू पुन्हा नेट. इनपुटला व्हेरिएबल हवंच असेल तर "इनपुट वार लॉजिक" असं स्पष्ट लिहावं लागतं. एकच शब्द, दिशा बदलली की वस्तूची जात बदलते. लॉजिकलाच व्हेरिएबल म्हणणाऱ्याला हे कधीच सांगता येणार नाही.

याचा फटका कसा बसतो ते एका टीममध्ये जवळून पाहिलंय. कोडिंग गाइडमध्ये कुणीतरी "वायर जुनं, लॉजिक नवं" असं वाक्य घातलं. एका हुशार मुलाने स्क्रिप्ट चालवून आरटीएलमधल्या सगळ्या वायरच्या (वायर हा नेटचा एक प्रकार) लॉजिक केल्या. त्यात अशा ओळी होत्या: "वायर एनेबल = व्हॅलिड अँड रेडी". वायर असताना ती कंटिन्युअस असाइनमेंट असते, व्हॅलिड किंवा रेडी हलला की एनेबल हलतो. लॉजिक झाल्याबरोबर तीच ओळ व्हेरिएबलचं इनिशियलायझेशन झाली: सिम्युलेशनच्या सुरुवातीला एकदा, कोणताही इनिशियल किंवा ऑलवेज सुरू व्हायच्या आधी, आणि मग कधीच नाही. त्या क्षणी व्हॅलिड आणि रेडी दोन्ही एक्स, म्हणून एनेबल जन्मभर एक्स. कंपायलरने हूं की चूं केलं नाही, कारण नियमाने ओळ बरोबर आहे. त्यात भर म्हणजे इफच्या कंडिशनमध्ये एक्स आला की सिम्युलेटर एल्सची वाट धरतो, त्यामुळे डिझाइन बोंबलत नव्हतं, नुसतं गप्प बसलं होतं. पोरगा बिचारा दोन दिवस टेस्टबेंचच तपासत राहिला.

ऑलवेज ब्लॉकची काळजी सोडा. त्याला कन्स्ट्रक्ट म्हणा, प्रोसीजर म्हणा, त्यामुळे कुणी चुकीचं हार्डवेअर लिहीत नाही. तुमच्या दुभाषी प्रकल्पात तर "प्रोसीजर" टाळलेलाच बरा. माझी खरी तक्रार "सीक्वेन्शियल" या शब्दाबद्दल आहे. १८०० मध्ये बिगिन-एंडला "सीक्वेन्शियल ब्लॉक" म्हणतात, फोर्क-जॉइनला "पॅरलल ब्लॉक". व्हीएचडीएलमध्ये प्रोसेसच्या आतली विधानं "सीक्वेन्शियल स्टेटमेंट". आणि कॉलेजात आपण शिकलेलो असतो सीक्वेन्शियल सर्किट म्हणजे क्लॉक आणि फ्लॉप. म्हणजे ऑलवेज_कॉम्बच्या (कॉम्बिनेशनल हार्डवेअरसाठीचा ऑलवेज) आत बिगिन-एंड लिहिलं की ते मानकाच्या भाषेत सीक्वेन्शियल ब्लॉक आणि त्यातून निघतं कॉम्बिनेशनल हार्डवेअर. दोन्ही बरोबर! हार्डवेअरसाठी "क्लॉक्ड" वापरा आणि सीक्वेन्शियलला स्पेकमधून हद्दपार करा.

इन्स्टन्सचं थोडक्यात: इन्स्टॅन्शिएशन हे कोडमधलं विधान, इन्स्टन्स ही त्यातून उभी राहणारी वस्तू. जेनरेटच्या लूपमध्ये आठ वेळा फिरणारं एक इन्स्टॅन्शिएशन आठ इन्स्टन्स देतं. सोर्समध्ये ग्रेप मारून (शब्द शोधून) काढलेला आकडा आणि सिम्युलेटरच्या हायरार्कीतला आकडा जुळत नाही तो यामुळे.

म्युनिकचा_एंटिटी

मी इकडे जर्मनीत एफपीजीएवर (पुन्हा प्रोग्राम करता येणारी चिप) काम करतो, सगळं व्हीएचडीएल. आमच्यावर नेहमी आरोप असतो की आम्ही शब्दांचा कीस पाडतो. पाडतो, आणि त्याचा फायदाही होतो.

इव्हेंट हा शब्द तुमच्या सूचीत दोन ओळी खाणार. १०७६ मध्ये सिग्नलवर "ट्रान्झॅक्शन" आणि "इव्हेंट" वेगळे आहेत. सिग्नल आधीच '१' आहे आणि प्रोसेसने पुन्हा '१' लिहिला, तर ट्रान्झॅक्शन झालं, इव्हेंट नाही झाला. 'ॲक्टिव्ह' हा ॲट्रिब्यूट ट्रू, 'इव्हेंट' फॉल्स. व्हॅल्यू प्रत्यक्ष बदलली तरच इव्हेंट. तुमच्या १८०० मध्ये इव्हेंट कितीतरी ठिकाणी भेटतो: शेड्युलिंगमध्ये अपडेट इव्हेंट आणि इव्हॅल्युएशन इव्हेंट, ॲटच्या चिन्हाने लिहितात तो इव्हेंट कंट्रोल, क्लॉकिंग इव्हेंट, शिवाय इव्हेंट नावाचा स्वतंत्र डेटा टाइप, जो दोन थ्रेड एकमेकांना हाक मारायला वापरतात. म्हणून स्पेकमध्ये इव्हेंट हा शब्द सुटा नकोच. व्हॅल्यू बदलणं म्हणायचं असेल तर "व्हॅल्यू चेंज" लिहा, दोन्हीकडच्यांना कळतं.

आता रायझिंग एज. ताईंनी चेंडू माझ्याकडे टोलवलाच आहे. एसव्हीत पॉझएज म्हणजे ० वरून १, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ० वरून एक्स, ० वरून झेड, एक्स वरून १ आणि झेड वरून १ हेसुद्धा पॉझएजच. आमच्याकडे स्टँडर्ड लॉजिक ११६४ च्या पॅकेजमधलं रायझिंग_एज हे फंक्शन फक्त ० वरून १ ला ट्रू देतं ('एल' आणि 'एच' हे अनुक्रमे ० आणि १ धरून). आता तुमच्यासारखा मिश्र टेस्टबेंच घ्या. एसव्हीत "लॉजिक क्लॉक" जाहीर केला, सुरुवातीची व्हॅल्यू दिलीच नाही, इनिशियलमध्ये ५ नॅनोसेकंद थांबून क्लॉकला १ केलं आणि पुढे टॉगल. पहिली हालचाल एक्स वरून १. एसव्हीच्या बाजूला इंटमध्ये ठेवलेला, रिसेट नसलेला सायकल काउंटर त्या एजला १ होतो. व्हीएचडीएलच्या बाजूचा तसाच काउंटर हलतच नाही, तो पुढच्या खऱ्या एजची वाट पाहतो. तिथून पुढे दोन्ही लॉगमध्ये सायकल नंबर कायम एकने वेगळा आणि स्कोअरबोर्डवाला (अपेक्षित आणि आलेले निकाल जुळवणारा) डोकं धरून बसलेला.

आणि हे एसव्ही विरुद्ध व्हीएचडीएल एवढंच नाही बरं का. आमच्याकडच्या जुन्या कोडमध्ये रायझिंग_एज नसतं, "क्लॉक टिक इव्हेंट अँड क्लॉक = १" असतं. ते एक्स वरून १ लाही ट्रू होतं, म्हणजे या बाबतीत ते तुमच्या पॉझएजच्या बाजूने. एकाच भाषेत दोन रायझिंग एज! त्यामुळे सूचीत व्याख्या देताना "० वरून १" असं उघड लिहा आणि क्लॉकला सुरुवातीची व्हॅल्यू ० द्यायची हा नियम कोडिंग गाइडमध्ये घाला. शब्द नेमका केला आणि टेस्टबेंच तसाच ठेवला तर काय उपयोग?

"कन्करंट असर्शन" वरही (असर्शन म्हणजे अट खरी आहे ना, याची कोडमधली तपासणी) लाल खूण करा. एसव्हीत तो क्लॉकशी बांधलेला असतो, त्या टाइम स्लॉटच्या सुरुवातीला सॅम्पल केलेल्या व्हॅल्यूंवर तपासला जातो आणि अनेक सायकल चालू शकतो. आमच्याकडे कन्करंट असर्शन म्हणजे प्रोसेसच्या बाहेर लिहिलेलं साधं असर्ट विधान. कंडिशनमधला सिग्नल हलला की लगेच तपासणी, क्लॉकचा संबंध नाही. ग्लिचवर (क्षणभराच्या नको असलेल्या बदलावर) आमचा ओरडेल, तुमचा गप्प राहील. पुण्यातून "कन्करंट असर्शन टाका" अशी मेल गेली तर तिकडची बाई जे टाकेल ते तुम्हाला अपेक्षित नसेल, आणि चूक तिची नसेल.

अवांतर: "डोन्ट केअर" पण बघून घ्या. आमच्याकडे डॅश ही खरीखुरी व्हॅल्यू आहे, नऊपैकी एक. साध्या बरोबरच्या चिन्हाने "१-०" शी तुलना केली तर मधला बिट काहीही चालेल असं होत नाही, तिथे खरोखर डॅशच लागतो. वाइल्डकार्डसारखी तुलना हवी तर प्रश्नचिन्हवाले मॅचिंग ऑपरेटर आहेत, ते २००८ मध्ये आले. एसव्हीवाले एक्सलाच डोन्ट केअर म्हणतात, सिंथेसिसपुरतं ते चालूनही जातं. सिम्युलेशनमध्ये एक्स म्हणजे "माहीत नाही", "चालेल काहीही" नव्हे.

लॅच_नको (धागाकर्ता)

ताई, एंटिटीदादा, दोघांचेही आभार. चौथा रकाना घातला आणि मजा म्हणजे निम्म्या ओळींवरचा वाद आपोआप मिटला. वायरच्या ठिकाणी लॉजिक घालून एक छोटं मॉड्यूल चालवून पाहिलं. एनेबल वेव्हफॉर्ममध्ये खरंच लालभडक, म्हणजे एक्स, शेवटपर्यंत.

दोन गोष्टी राहिल्या. एक, स्पेकमध्ये आमच्याकडे मस्ट, शॅल, विल, शुड हे सगळे मूड येईल तसे पडतात. दुसरी, टेस्टबेंचवाल्यांनी "स्टॅटिक" वर भांडण काढलंय. एकजण म्हणतो स्टॅटिक टास्क वाईट, व्हेरिएबल शेअर होतात. दुसरा म्हणतो क्लासमध्ये स्टॅटिकच हवा. दोघंही एलआरएम दाखवतात! आणि आवृत्तीचं काय करू?

टेपआउट_आणि_चहा

मस्ट-शॅलवर माझं मत: ग्राहक पैसे देतो तिथे शॅल, बाकी सगळीकडे शुड.

पण ती वायर-लॉजिकची गोष्ट वाचून आमच्या कोडमध्ये ग्रेप मारला. घोषणेच्याच ओळीत व्हेरिएबलला नॉन-कॉन्स्टंट व्हॅल्यू देणाऱ्या ओळी निघाल्या, टेस्टबेंचमध्ये नव्हे, आरटीएलमध्ये. लिंटचा नियम लिहिला, बिल्ड पडला, तीन जणांचे फोन आले. बघा, ऐकतात ते लिंटचंच.

जुनी_सिम्युलेटरवाली

टेपआउट, नियम लिहिलात ते उत्तम, पण लॉजिक म्हणजे काय हे कुणीतरी मराठीत सांगितल्यावर लिहिलात. असो.

शॅल-शुड. इथे डोळे मिटून आयट्रिपलईचा नियम घ्या, तो मानकाच्या सुरुवातीलाच दिलेला असतो. शॅल म्हणजे सक्ती, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे क्षमता. सक्तीसाठी मस्ट आणि विल वापरायचे नाहीत. हे पोथीपंडित्य वाटेल, पण ऑलवेज_कॉम्बवरचा मजकूर बघा. त्यात लिहिलेल्या व्हेरिएबलला दुसऱ्या कोणत्याही प्रोसेसने लिहायचं नाही, इथे शॅल आहे. आतून लॅच निघत असेल तर टूलने वॉर्निंग द्यावी, इथे शुड आहे. म्हणजे तुमचा सिम्युलेटर लॅचवर अवाक्षर न बोलता मानक पाळणारा ठरतो. "ऑलवेज_कॉम्ब वापरलं की लॅच येत नाही" असं गाइडमध्ये लिहिलेलं मी पाहिलंय, ते या एका क्रियापदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. तुमचं टोपणनाव लक्षात घेता ही ओळ सूचीत ठळक असावी.

आवृत्ती: टूल जी मानतं ती. तुमच्यासाठी १८००-२०१७ आणि १०७६-२००८, आणि हे कागदाच्या पहिल्या ओळीत. कलमाचा आकडा देताना साल सोडू नका. २००५ मध्ये व्हेरिलॉग आणि सिस्टमव्हेरिलॉग ही दोन वेगळी मानकं होती, दुसरं पहिल्याच्या पाठीवर बसलेलं. २००९ मध्ये दोन्ही एक झाली आणि सगळी मांडणी बदलली. स्लाइडवर "कलम अमुक" लिहिलेलं असतं आणि उघडून पाहावं तर तिथे भलतंच असतं, ते यामुळे. टास्क "एनेबल" होतो आणि फंक्शन "कॉल" होतं ही भाषाही त्या १३६४ मधली. १८०० मध्ये दोन्ही सबरूटीन आणि दोन्ही कॉल होतात. नवीन मुलांना एनेबल शिकवू नका, एनेबल नावाचे सिग्नल आपल्याकडे आधीच ढीगभर आहेत. २०२३ ची आवृत्ती अ‍ॅक्सेलेरा या मानकं घडवणाऱ्या संस्थेच्या कृपेने आयट्रिपलईकडून फुकट उतरवून घेता येते, शंका आली तर तिथेही डोकावा. मात्र दोन्ही मानकांच्या शेवटी जी शब्दसूची आहे तिच्यावर भिस्त ठेवू नका. ती "इन्फॉर्मेटिव्ह" आहे, म्हणजे माहितीपुरती. वाद झाला तर मुख्य कलमातला मजकूर चालतो, सूची नाही.

आता स्टॅटिक. तुमचे दोघंही बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. "स्टॅटिक टास्क अमुक", स्टॅटिक आधी: हा क्लासचा स्टॅटिक मेथड. ऑब्जेक्ट न बनवता बोलावता येतो, आतल्या व्हेरिएबलचं आयुष्य ऑटोमॅटिकच. "टास्क स्टॅटिक अमुक", स्टॅटिक नंतर: इथे आतली व्हेरिएबल आणि आर्ग्युमेंट स्टॅटिक, म्हणजे दोन थ्रेडनी एकाच वेळी बोलावलं की एकमेकांच्या व्हॅल्यूवर पाय. क्लासच्या आत हा दुसरा प्रकार बेकायदा आहे, कंपायलर अडवेल. मॉड्यूलमध्ये मात्र काहीच न लिहिता टास्क लिहिला तर तो याच दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि पहिल्या गड्याची तक्रार नेमकी तिथली असणार.

सूचीत दोन ओळी करा, "स्टॅटिक मेथड" आणि "स्टॅटिक लाइफटाइम". नुसतं स्टॅटिक लिहिलेली रिव्ह्यू कॉमेंट परत पाठवायची. मॉड्यूलमधल्या टास्कवर "ऑटोमॅटिक" लिहायची सक्ती टेपआउट यांच्या लिंटकडे सोपवा, नाहीतरी हौस आहेच त्यांना.

म्युनिकचा_एंटिटी

स्टॅटिकच्या ओळीत व्हीएचडीएलचा रकाना रिकामा ठेवू नका. आमच्याकडे "लोकली स्टॅटिक" आणि "ग्लोबली स्टॅटिक" एक्स्प्रेशन असतात, त्यांचा आयुष्याशी संबंध नाही. व्हॅल्यू ॲनालिसिसच्या (फाइल कंपाइल होण्याच्या) वेळी ठरते की इलॅबोरेशनच्या (हायरार्की उभी राहण्याच्या) वेळी, एवढाच मुद्दा. तुमच्याकडे त्याच्या जवळ जातं ते "कॉन्स्टंट एक्स्प्रेशन". त्यात पॅरामीटर आणि लोकलपॅरॅम चालतात, कॉन्स्ट लावलेलं व्हेरिएबल नाही, कारण त्याची व्हॅल्यू सिम्युलेशन सुरू झाल्यावर ठरू शकते. त्यासाठी तिसरी ओळ लागेल.

लॅच_नको (धागाकर्ता)

घातली. फाइल सोमवारी टीमला पाठवतोय. टेपआउट, तुमच्या लिंटच्या नियमाचा मजकूर व्यनि करता का?